टाइमलाइन का अडखळते? व्हिडिओ एडिटिंगविषयी वाचकांचे प्रश्न

तुळशीचं लग्न उरकून लग्नसराई लागली की या सदराकडे व्हिडिओ एडिटिंगच्या शंका वाढतात. बहुतेकांची अडचण एकाच प्रकारची असते : फाइली शेकड्यांनी, प्रत्येक फोर-केमधली, आणि सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. उत्तरं वाचण्याआधी एक काम जरूर करा. ‘मीडियाइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक क्लिप त्यात उघडून पाहा. फॉरमॅट, बिट डेप्थ (रंगांच्या छटा किती बारीक), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगांची माहिती किती ठेवली; ४:२:२, ४:२:० असं लिहितात, ४:२:२ मध्ये ती जास्त), बिट रेट (सेकंदाला किती डेटा) आणि फ्रेम रेट मोड (फ्रेमचा वेग समान की बदलता) या पाच नोंदी कागदावर लिहून ठेवा. पुढचं जवळपास प्रत्येक उत्तर या पाच नोंदींवर उभं आहे.

प्रश्न : आमचं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. हळदीपासून वरातीपर्यंत सुमारे १४ तासांचं फुटेज, साडेनऊशे क्लिप. दोन सोनी कॅमेरे फोर-के २५ फ्रेम, १० बिट ४:२:२ वर, शिवाय एक जुना कॅमेरा आणि ड्रोन. मशीनमध्ये रायझन ७ ५८००एक्स, ३२ जीबी रॅम, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड. फुटेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर. प्रीमिअर प्रोमध्ये मल्टिकॅम लावून (सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र एकत्र जुळवून) प्ले दाबलं की दोन सेकंदांत चित्र गोठतं, आवाज मात्र पुढे चालू राहतो. एवढं ग्राफिक कार्ड असून हे का होतं?
— एक वाचक, बारामती

उत्तर : तुमच्या कार्डाची ताकद कमी नाही. ते तुमचं फुटेज उलगडण्याच्या कामात भागच घेत नाही. त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण हे न कळल्यामुळे लोक उगाच मशीन बदलतात.

एच.२६४ आणि एच.२६५ हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती, फाइल लहान ठेवण्यासाठी बनले. त्यात काही फ्रेम पूर्ण साठवलेल्या असतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेला असतो. वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण बाकी आणि पुढच्या पानांवर नुसती जमा-नावे लिहावी, तसं. बाराव्या पानावरची बाकी हवी तर पहिल्या पानापासून बेरीज करत यावं लागतं. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, तुम्ही मधेच कुठे क्लिक केलंत की सॉफ्टवेअर मागची पूर्ण फ्रेम शोधतं आणि तिथून हव्या त्या फ्रेमपर्यंत सगळं उलगडतं. उलटं चालवलंत तर हेच पुन्हापुन्हा. मल्टिकॅममध्ये हे काम एकाच वेळी चार ठिकाणी चालतं.

हे उलगडण्यासाठी ग्राफिक कार्डात आणि काही प्रोसेसरमध्ये वेगळा हार्डवेअर डिकोडर असतो. पण तो ठरावीक प्रकारच्याच फाइली घेतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीच्या कार्डांतला डिकोडर ४:२:० घेतो, ४:२:२ घेत नाही. तुमच्या प्रोसेसरला अंगचं ग्राफिक नाही, त्यामुळे तिथूनही मदत नाही. सगळा भार प्रोसेसरच्या आठ कोअरवर पडतो. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयू निवडा आणि ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख समोर ठेवून सोनीची क्लिप चालवा. आलेख तळाशी सपाट आणि सीपीयू वर चढलेला दिसेल. मग ड्रोनची क्लिप चालवा. ती ४:२:० असेल तर आलेख हलेल.

दुसरा संशयित तुमची हार्ड डिस्क. सोनीच्या या सेटिंगचं फुटेज सेकंदाला १४० मेगाबिटचं असतं. चारही क्लिप तशाच धरल्या तर सेकंदाला ५६० मेगाबिट, अर्थात ७० मेगाबाइट. ओळीने वाचायचं असेल तर चांगली हार्ड डिस्क यापेक्षा बरंच जास्त देते, पण इथे तिच्या हेडला चार फाइलींमध्ये सतत उड्या माराव्या लागतात आणि वेग कोसळतो. परीक्षा सोपी आहे : चारही कॅमेऱ्यांची एकेक क्लिप मशीनमधल्या एसएसडीवर कॉपी करून तेवढ्यांचाच मल्टिकॅम लावा. सुरळीत चाललं तर दोष डिस्कचा. तरीही गोठलं तर दोष डिकोडिंगचा. तुमच्याकडे दोन्ही असण्याची शक्यता जास्त आहे.

उपाय म्हणजे प्रॉक्सी. मूळ फाइलींच्या हलक्या प्रती करायच्या, एडिट त्यांवर करायचं, आणि अंतिम आउटपुट मूळ फाइलींतून काढायचं. एका रात्रीचं मशीनचं काम आहे, आणि पुढचे आठ दिवस सुखात जातात. प्रॉक्सीसाठी प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी घ्या. या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, मागचं काही उलगडावं लागत नाही. एच.२६४ची प्रॉक्सी आकाराने लहान होते, पण ज्या दुखण्यासाठी औषध घेतो तेच दुखणं थोड्या प्रमाणात शिल्लक राहतं.

जागेचा हिशेब असा : १९२० बाय १०८०, २५ फ्रेमच्या प्रोरेस प्रॉक्सीला सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला १७ जीबी. १४ तासांना २४० जीबी. मूळ फुटेज सगळं १४० मेगाबिटचं धरलं तर ते ८८० जीबीच्या घरात जातं. म्हणून ५०० जीबीची एक एसएसडी फक्त प्रॉक्सीसाठी ठेवलीत तरी एक लग्न आरामात बसतं. चार प्रॉक्सी एकत्र चालवायला सेकंदाला १९ मेगाबाइट पुरतात.

कृती : क्लिप बिनमध्ये (प्रोजेक्टमधल्या क्लिपच्या फोल्डरमध्ये) आणा, पण मल्टिकॅम सिक्वेन्स अजून करू नका. क्लिप निवडा, राइट क्लिक, ‘प्रॉक्सी’, ‘क्रिएट प्रॉक्सीज’. फॉरमॅट क्विकटाइम, प्रीसेट प्रोरेस प्रॉक्सीचा, जागा एसएसडीवरचं फोल्डर. काम मीडिया एन्कोडरकडे जातं. तिकडे रांग पूर्ण झाली का आणि एखादी फाइल लाल खुणेने अडकली का, ते सकाळी बघा. मग प्रोग्राम मॉनिटरखालच्या अधिकच्या चिन्हावरून ‘टॉगल प्रॉक्सीज’चं बटण खाली ओढून आणा आणि ते निळं करा. आता मल्टिकॅम लावा.

प्रॉक्सी जोडताना सॉफ्टवेअर नकार देतं त्याचं सर्वांत नेहमीचं कारण ऑडिओ चॅनेल. मूळ क्लिपमध्ये चार चॅनेल आणि प्रॉक्सीत दोन असतील तर जोडणी होत नाही. बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून प्रॉक्सी करणाऱ्यांनी चॅनेलची संख्या, फ्रेम रेट आणि लांबी, तिन्ही मूळ क्लिपसारखीच ठेवावीत. एक्सपोर्ट करताना ‘यूज प्रॉक्सीज’ची खूण काढलेली आहे ना, तेही तपासा. ती राहिली तर फोर-के फाइलीत धूसर चित्र जाईल आणि ते लग्नघरी टीव्हीवर उघडं पडेल.

पुढच्या शूटिंगसाठी एक सूचना. विधींवर रोखलेल्या स्थिर कॅमेऱ्याला १० बिट ४:२:२ची गरज नसते. तो ८ बिट ४:२:० वर, १०० मेगाबिटवर ठेवा. तुमचंच कार्ड ते फुटेज हसत उलगडेल. रंगांवर खरं काम होतं ते कॅन्डिड कॅमेऱ्याच्या फुटेजवर, तिथे १० बिट राहू द्या. कॅमेऱ्यात ऑल-इंट्राचा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवण्याचा) पर्याय असेल तर तोही चालवायला हलका असतो, पण फोर-के २५ फ्रेमला सेकंदाला २५० मेगाबिट म्हणजे तासाला ११० जीबीहून जास्त जागा खातो. कार्डं तेवढी हवीत.

प्रश्न : दाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘जीपीयू मेमरी फुल’ असा संदेश वारंवार येतो. लॅपटॉपला ४ जीबीचं ग्राफिक कार्ड आहे. प्री-वेडिंगचा सहा मिनिटांचा व्हिडिओ आहे, त्यात फोर-के क्लिपांबरोबर ४५ मेगापिक्सेलचे साडेतीनशे फोटो आहेत. रात्रीच्या शॉट्सवर चित्रातले दाणे कमी करणारं नॉइज रिडक्शनही लावलंय.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फोटोची जेपेग फाइल डिस्कवर १५-२० एमबीची दिसते, त्यावरून फसू नका. रिझॉल्व्ह चित्रावर काम करतं तेव्हा ते पूर्ण उलगडून, प्रत्येक रंगाला ३२ बिट देऊन कार्डाच्या मेमरीत धरतं. चार चॅनेल धरले तर एका पिक्सेलला १६ बाइट. फोर-केची एक फ्रेम ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल. ती १३३ एमबी होते. ४५ मेगापिक्सेलचा फोटो त्याच हिशेबाने ७२० एमबी. दोन फोटोंमध्ये डिझॉल्व्ह टाकलात की दोन्ही एकाच वेळी लागतात. टेम्पोरल नॉइज रिडक्शन तर मागच्या-पुढच्या फ्रेमही सोबत मागतं. चार जीबीत विंडोजचा स्वतःचा वाटाही असतो. मेमरी भरली नसती तरच नवल.

आधी फोटो लहान करा. एक्सएनकन्व्हर्ट किंवा इरफानव्ह्यू, दोन्हीत एकगठ्ठा साइझ बदलता येतो. फोटो स्थिर राहणार असेल तर रुंदी ३८४० पुरे. त्यावर झूम करणार असाल तर झूमच्या पटीत वाढवा : दीडपट झूमला ५७६०. मूळ फोटोंच्या फोल्डरला हात न लावता लहान प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. उभ्या फोटोंची बॅच वेगळी करा, नाहीतर त्यांनाही रुंदीचं माप लागून ते विनाकारण मोठे राहतात.

मग प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या मास्टर सेटिंग्जमध्ये टाइमलाइन रिझोल्यूशन १९२० बाय १०८० करा. पिक्सेल एक-चतुर्थांश, मेमरीची गरजही त्याच प्रमाणात खाली. रिझॉल्व्हमध्ये शेवटी हे पुन्हा फोर-के करता येतं, कापाकापी आणि रंग जागच्या जागी राहतात. फ्युजन या रिझॉल्व्हच्या इफेक्ट विभागात केलेली अक्षरं आणि चौकटी मात्र मोठ्या साइझला एकदा नजरेखालून घाला.

नॉइज रिडक्शन शक्यतो वेगळ्या नोडवर (रंगकामाच्या स्वतंत्र पायरीवर) घ्या, त्या नोडवर राइट क्लिक करून ‘नोड कॅश’ ऑन करा. एकदा कॅश झालं की प्लेबॅकच्या वेळी ते गणित पुन्हा होत नाही. हे काम अगदी शेवटी करा. एडिट पक्कं होण्याआधी नॉइज रिडक्शन लावणं म्हणजे पुढे कापून टाकायच्या शॉट्सवरही मशीनला राबवणं. आउटपुटच्या वेळी ब्राउझर बंद, दुसरा मॉनिटर काढलेला असावा. एवढं करूनही फोर-के आउटपुटला संदेश आलाच तर नॉइज रिडक्शनचे शॉट आधी वेगळे रेंडर करून, त्या तयार क्लिप टाइमलाइनवर बसवा.

प्रश्न : घरच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करते. फोनवर वीस-पंचवीस मिनिटं सलग रेकॉर्डिंग, आवाज वेगळ्या माइकवर. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटाकडे आवाज मागे पडतो. क्लिप कापतानाही सॉफ्टवेअर अडखळतं.
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : मीडियाइन्फोमध्ये ‘फ्रेम रेट मोड’ पाहा. तिथे ‘व्हेरिएबल’ असणार. प्रकाश कमी झाला, फोन तापला, की फोन सेकंदाला ३० ऐवजी २९, २८ फ्रेम घेतो. एडिटिंग सॉफ्टवेअर समान अंतराच्या फ्रेम धरून चालतं, म्हणून फरक साचत जातो आणि पंचविसाव्या मिनिटाला डोळ्यांना दिसतो. मधेच आवाज सरकवून काही उपयोग नाही, पुढे पुन्हा सुटेल.

हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल उघडा, ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये फ्रेम रेट ३० निवडा आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करा. ‘पीक फ्रेमरेट’ राहू देऊ नका, नेमकी तिथेच चूक होते. एन्कोडर एच.२६४, क्वालिटीचा आकडा १८. ‘डायमेन्शन्स’मध्ये मूळ मापच राहिलंय ना ते बघा, कारण काही प्रीसेट चित्र १०८० वर आणतात. सगळ्या क्लिप रांगेत लावून रात्रभर चालू द्या. या नव्या फाइली टाइमलाइनवर घ्या. मूळ फाइली व्हिडिओ प्रसिद्ध होईपर्यंत जपून ठेवा.

आयफोन असेल तर आणखी दोन गोष्टी. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये ‘एचडीआर व्हिडिओ’ बंद करा; ते चालू असलं की एडिटिंगमध्ये रंग पांढुरके, भडक दिसतात आणि फाइलही १० बिट होऊन जड जाते. तिथेच ‘शो पॅल फॉरमॅट्स’ चालू करून २५ फ्रेमवर शूट करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली ३० फ्रेमला पट्टे लुकलुकतात, २५ ला हा त्रास बराच कमी होतो. मग हँडब्रेकमध्येही ३० ऐवजी २५ निवडायचं.

प्रश्न : सी ड्राइव्ह दर आठवड्याला लाल होतो. फुटेज डी ड्राइव्हवर आहे, मग सीमध्ये काय भरतं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : कॅश. प्रीमिअर प्रत्येक नव्या क्लिपच्या आवाजाची आणि निर्देशांकाची फाइल बनवून सी ड्राइव्हवर ठेवतं, आणि फाइली हजारांत गेल्या की तेच कित्येक जीबी होतं. ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘मीडिया कॅश’ उघडा, जागा दुसऱ्या एसएसडीवर न्या, आणि ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या फाइली आपोआप पुसण्याचा पर्याय चालू करा. रिझॉल्व्हमध्ये हीच जागा प्रोजेक्ट सेटिंग्जच्या मास्टर सेटिंग्जमध्ये ‘वर्किंग फोल्डर्स’खाली मिळते, प्लेबॅक मेनूतल्या ‘डिलीट रेंडर कॅश’मधून ‘अनयूज्ड’ निवडून साफ करा. कॅश पुसल्याने एडिट जात नाही. प्रोजेक्ट पुन्हा उघडताना कॅश नव्याने बनेपर्यंत थोडा वेळ लागेल, इतकंच. कॅश कधीही वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह सिंक करतं अशा फोल्डरमध्ये ठेवू नका.

प्रश्न : आम्ही दोघं आळंदी ते पंढरपूर पालखी सोहळ्यावर माहितीपट करतोय. दोन कॅमेरे, २६०० क्लिप. दोन अडचणी आहेत. प्रोजेक्ट उघडायला फार वेळ लागतो. आणि हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की क्लिप ‘ऑफलाइन’ दिसतात. पुन्हा जोडल्या तर जेजुरीच्या जागी सासवडचा शॉट येतो!
— दोन वाचक, पुणे

उत्तर : दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, कारण चुकीचा शॉट कधीकधी लक्षातही येत नाही. अनेक कॅमेरे नाव सी०००१ पासून सुरू करतात. कार्ड फॉरमॅट केल्यावर किंवा दुसऱ्या कॅमेऱ्यात तेच नाव पुन्हा येतं. तुमच्या डिस्कवर सी००१४ नावाच्या डझनभर क्लिप असतील. ‘रीलिंक’ करताना सॉफ्टवेअरने नुसतं नाव पाहिलं तर पहिली सापडेल ती उचलतं.

त्यामुळे प्रत्येक कार्डाला स्वतःचं फोल्डर द्या. नावात क्रमांक, मुक्काम, कॅमेरा आणि कार्ड असावं : ‘०३_सासवड_कॅमअ_कार्ड१’, ‘०४_जेजुरी_कॅमब_कार्ड२’. प्रत्यक्षात ही नावं रोमन अक्षरांत आणि लहान ठेवा. विंडोजमध्ये बऱ्याच सॉफ्टवेअरला फाइलीचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे चालत नाही आणि फोल्डरात फोल्डर करत गेलं की ही मर्यादा लवकर येते. कार्डावरून नुसत्या एमपी४ फाइली उचलू नका. सोनीच्या कार्डावरचं ‘प्रायव्हेट’ फोल्डर आतल्या ‘एम४रूट’सकट जसंच्या तसं घ्या, क्लिपबरोबरच्या एक्सएमएल फाइलींत कॅमेऱ्याची माहिती असते. कॅमेऱ्यात प्रॉक्सी रेकॉर्डिंग चालू असेल तर त्या हलक्या फाइली आतल्या ‘सब’ फोल्डरमध्ये तयार मिळतात आणि तुमची प्रॉक्सी करण्याची रात्र वाचते. काही कॅमेऱ्यांत फाइलीच्या नावाची सुरुवात बदलता येते. पुढच्या वारीला एकाला ‘ए’ आणि दुसऱ्याला ‘बी’ लावून टाका.

आता जे झालंय त्याचं. एकेका कार्डाचा बिन निवडून तेवढाच रीलिंक करा आणि फोल्डर हाताने दाखवा. प्रीमिअरच्या रीलिंकच्या खिडकीत नावाखेरीज ‘मीडिया स्टार्ट’ जुळवण्याची खूण आहे, ती लावा. वेळकोड (क्लिपमध्ये नोंदलेली सुरुवातीची वेळ) वेगळा असेल तर चुकीची क्लिप जोडली जाणार नाही. ऑफलाइन होण्याचं मूळ कारण बहुधा ड्राइव्हचं अक्षर आहे : एका मशीनवर ई, दुसऱ्यावर जी. दोन्ही मशीनवर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन त्या डिस्कला एकच, शेवटाकडचं अक्षर द्या, समजा डब्ल्यू. मग रीलिंकचा प्रश्नच येत नाही.

प्रोजेक्ट उघडण्याच्या वेळेबद्दल : २६०० क्लिप एकाच प्रीमिअर प्रोजेक्टमध्ये ठेवण्यापेक्षा ‘प्रॉडक्शन’ करा. ही सोय २०२० पासून आहे. मुक्कामानुसार छोटे प्रोजेक्ट होतात आणि हवा तेवढाच उघडता येतो. रिझॉल्व्ह असेल तर युजर प्रेफरन्सेसच्या ‘प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड’मध्ये प्रोजेक्ट उघडताना सगळ्या टाइमलाइन लोड करण्याची खूण काढा. आणि टाइमलाइनच्या प्रती कमी करा! रोज ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’ अशा पूर्ण लांबीच्या प्रती साठत गेल्या की प्रोजेक्ट फुगतो. जुन्या प्रती वेगळ्या प्रोजेक्टमध्ये हलवा.

बिनमध्ये चित्रांच्या ‘आयकॉन’ दृश्यापेक्षा यादीचं दृश्य ठेवा. शेकडो थंबनेल काढताना प्रत्येक फाइल उघडावी लागते, हार्ड डिस्कवर त्याला वेळ जातो.

प्रश्न : एक्सपोर्ट दर वेळी ६३ टक्क्यांच्या आसपास थांबतं. चार वेळा करून पाहिलं.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दर वेळी एकाच जागी थांबतं म्हणजे दोष त्या जागी आहे. हे चांगलं लक्षण आहे, दोष सापडेल. त्रुटीच्या संदेशात वेळकोड किंवा फ्रेमचा क्रमांक असतो, तो टिपून टाइमलाइनवर तिथे जा. संदेशात काही नसेल तर इन-आउट लावून आधीचा अर्धा भाग एक्सपोर्ट करा, मग नंतरचा. जो अडकेल त्याचे पुन्हा दोन भाग. पाच-सहा फेऱ्यांत एका क्लिपपर्यंत पोहोचाल. तिच्यावरचे इफेक्ट बंद करून पाहा. तरी अडकली तर फाइल बिघडलेली आहे. हँडब्रेकमधून नवी प्रत काढून त्या जागी बसवा. एन्कोडिंग ‘हार्डवेअर’ऐवजी ‘सॉफ्टवेअर’ करून पाहणंही योग्य. वेळ जास्त लागेल, पण ग्राफिक ड्रायव्हरचा घोळ असेल तर तो वगळला जातो.

थेट पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट करत असाल तर मात्र आधी त्याचा फॉरमॅट बघा. फॅट३२ असेल तर एका फाइलीची मर्यादा ४ जीबी, ती गाठली की काम तिथेच थांबणार. २० मेगाबिटच्या व्हिडिओला ही मर्यादा अर्ध्या तासाच्या आत येते. एक्सपोर्ट नेहमी मशीनमधल्या डिस्कवर करा, मग कॉपी करा. पेनड्राइव्ह एक्सफॅट करा. ग्राहकाचा जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर फॅट३२ ठेवून व्हिडिओचे भाग पाडा.

प्रश्न : लॅपटॉप सकाळी छान चालतो. मे महिन्यात दुपारी तीच टाइमलाइन पंधरा मिनिटांत रडायला लागते.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ४५ अंशांच्या हवेत लॅपटॉपला थंड व्हायला जागाच उरत नाही. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोहोचला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा ‘स्पीड’ बघत राहा; काम चालू असताना तो सकाळच्या मानाने निम्म्यावर आलेला दिसला तर कारण उष्णताच. मागची बाजू दोन बोटं उचला, गादी-उशीवर ठेवू नका, पंख्यांतली धूळ काढून घ्या. तीन-चार वर्षं जुना असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या. बॅटरीवर एडिट करू नका, चार्जर मूळ क्षमतेचाच लावा. कमी वॅटच्या चार्जरवर ग्राफिक कार्ड पूर्ण जोर लावत नाही. प्रॉक्सी आणि अंतिम रेंडर रात्री लावा.

प्रश्न : प्रॉक्सीच्या भानगडीत पडायचं नाही. ४:२:२ थेट चालवणारं मशीन घ्यायचं तर काय बघू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी तुमचे कॅमेरे एच.२६४ देतात की एच.२६५, ते बघा. एच.२६५ १० बिट ४:२:२ साठी इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे प्रोसेसर, त्यांच्या अंगच्या ग्राफिकमधला क्विक सिंक हा डिकोडर हे काम करतो. पण नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले इंटेल प्रोसेसर घेऊ नका. ते थोडे स्वस्त मिळतात, कारण त्यांतलं ग्राफिकच बंद असतं, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या मशीनही एच.२६५ ४:२:२ चांगलं चालवतात. एच.२६४ १० बिट ४:२:२ असेल तर बहुतेक इंटेल प्रोसेसरमधला क्विक सिंक मदत करत नाही. तिथे आरटीएक्स ५० मालिकेचं कार्ड लागेल. रिझॉल्व्ह वापरत असाल तर स्टुडिओ आवृत्तीचा खर्च हिशेबात धरा, कारण विंडोजवरच्या मोफत आवृत्तीत हार्डवेअर डिकोडिंगची पूर्ण सोय नाही.

रॅम ३२ जीबी, कार्डाची मेमरी किमान ८ जीबी. एसएसडी दोन : एक विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी, दुसरी चालू कामाचं फुटेज आणि कॅशसाठी. पूर्ण झालेली कामं हार्ड डिस्कवर, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर. पैसे देण्याआधी तुमच्याच कॅमेऱ्याच्या चार क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा, त्या तिथल्या मशीनवर कॉपी करा, आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर चढतो का ते स्वतः बघा.